आमचा समुद्र अंतर्वेदीला आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रकिनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकवर आपण मागच्या रविवारी अख्खे पान दिले. फोटो वर्सोव्याचे, मजकूर कोकणाचा, आणि खाली किनारपट्टीच्या सात जिल्ह्यांनी काय करावे याची चौकट. वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे कृषी सेवा केंद्र आहे आणि पेपर दुकानातच येतो. चहाच्या वेळी ते पान हातोहात फिरले. एक जण म्हणाला, "बरं झालं बापा, आपल्या इकडं समुद्र नाही. नाहीतर हेही काम ग्रामपंचायतीच्याच बोडख्यावर आलं असतं." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मी गेल्या वर्षी आमचा समुद्र पाहून आलो आहे.

जावई नोकरीनिमित्त आंध्रात राजमहेंद्रीला असतात. माघात मुलीकडे गेलो होतो, तेव्हा ती आम्हा दोघांना अंतर्वेदीला घेऊन गेली. लक्ष्मीनरसिंहाचे मोठे स्थान आहे. रथयात्रा नुकतीच होऊन गेली होती आणि रिकाम्या पालांचे बांबू अजून उभे होते. गोदावरीची वसिष्ठा ही शाखा तिथे समुद्राला मिळते. संगमावर नारळ फोडला आणि हात जोडताना डोक्यात आले की हे पाणी आपल्याच घरावरून आले आहे. हिशोब सरळ आहे. आमच्या गावचा नाला निर्गुडेला मिळतो, निर्गुडा वर्धेला. वढ्याला पैनगंगा येऊन मिळते. पुढे वैनगंगा भेटली की नदी प्राणहिता होते आणि सिरोंच्याखाली गोदावरीत जाते. मग भद्राचलम, धवळेश्वरमचा बांध, आणि समुद्र. अकोला-बुलडाण्याच्या वाचकांनीही निश्चिंत राहू नये, तुमची पूर्णा तापीतून सुरतेला निघते. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत एकालाही किनारा नाही, पण पाणी सगळ्यांचे किनाऱ्यालाच लागते. एक लोणारच्या सरोवरातले तेवढे कुठे जात नाही.

मुलगी भूगर्भशास्त्रात एम. एस्सी. झालेली. देवळात तिचे लक्ष खांबाच्या दगडाकडे आणि किनाऱ्यावर पायाखाली. मी चपला हातात घेऊन चाललो होतो, तर म्हणाली, "बाबा, पाय जपून. इथं कोणाचं तरी घर आहे." बघतो तर वाळूत रुपयाएवढे भोक, आणि एका अंगाला उपसलेली वाळू सुपातून उडवल्यासारखी पसरलेली. दोन मिनिटे न हलता उभे राहिलो तेव्हा खेकडा वर आला, डोळ्यांच्या काड्या उभारून चहूकडे पाहून घेतले, कवेतला वाळूचा गोळा बाहेर फेकला आणि गडप झाला. थोडे खाली, ओहोटीने मोकळ्या केलेल्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्या पडल्या होत्या, हजारो, भोकापासून बाहेरच्या बाजूला, वावरातल्या तासांसारख्या ओळींनी. हे दुसरे, अगदी बारके खेकडे. वाळू तोंडात घेतात, खाण्याजोगे तेवढे चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. भरती आली की सगळे पुसले जाते. पाणी उतरले की पुन्हा सुरू.

सगळेच पुसले जात नाही, हे मुलीने तिथेच वाळूत बसून सांगितले. कधी एखाद्या भोकात वेगळ्या रंगाचा गाळ भरतो, वर थर चढत जातात, त्याचा दगड होतो. खेकडा कधीच संपलेला असतो, पण त्याचे भोक दगडात राहते. तिच्या शास्त्रात याला ट्रेस फॉसिल म्हणतात. प्राणी सापडत नाही, त्याने काय केले ते सापडते. चालला असेल तर चाल, खणले असेल तर बीळ, हगला असेल तर तेही. बिळांच्या घडणीवरून लाट केवढी होती, पाणी उथळ होते की खोल, याचा अंदाज बांधता येतो. वाळूत राहणारी एक जातीची कोळंबी आपल्या बिळाला आतून चिखलाच्या गोळ्यांचे लिंपण करते. ते बीळ दगड होऊन उघडे पडले की बाहेरून मक्याच्या कणसासारखे खडबडीत दिसते. समुद्रापासून लांब एखाद्या डोंगरात असे कणीस सापडले, तर इथे कधीकाळी किनारा होता हे ओळखता येते.

हे ऐकत मी दुसऱ्या एका भोकात डोकावलो. भोकाच्या तोंडाशी निळ्या नायलॉनचा दोरा होता, अर्धा आत गेलेला. बाहेर फेकलेल्या वाळूत पांढरे, हिरवे, चंदेरी कण. दोरा तिथल्या कोळ्यांच्या जाळ्याचा, त्यात शंका नाही. बाकीचे कण वणीचे, की निजामाबादचे, की त्याच गावचे, हे कोणी सांगू शकणार नाही. मी तसा आरोप करत नाही. पण थोडे पुढे, भरतीने सोडलेल्या कचऱ्याच्या रेषेत, एक काळा नळीचा तुकडा मिळाला, वीतभर. तो मात्र मी हातात घेताच ओळखला. १६ मिमीची ठिबकची लॅटरल, आत ड्रिपर बसवलेला, वरची छपाई घासून गेलेली. वीस वर्षे मी तीच विकतो. गोदावरीच्या मुखाकडे बघाल तिकडे भात, नारळ आणि कोळंबीची तळी. नारळाला कोणी ठिबक लावत असेल तर लावत असेल. माझा अंदाज, ती नळी वरून आलेली होती. खिशात घालून गावी आणली. आता ती दुकानात वजनकाट्याशेजारी ठेवली आहे आणि गिऱ्हाइकाने विचारलेच तर सांगतो.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण मुलीचे म्हणणे माझ्या मनात घोळत राहिले आहे. आमच्या बाजूला चुनखडी आहे. राजूरच्या चुनाभट्ट्या, कोरपना-गडचांदूरकडचे सिमेंटचे कारखाने, सगळे तिच्यावरच. हे पैनगंगेचे नाव लावणारे थर शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळाचे आहेत. म्हणजे समुद्र इथे होता, आम्ही यायच्या फार आधी. आमच्या अंगणातल्या फरशीची कड पाहिली तर थरावर थर दिसतात, वहीच्या पानांसारखे, कुठे काही ढवळलेले नाही. मी विचारले, अंतर्वेदीची वाळू वीतभरही सलग नव्हती, मग हा तळ एवढा शांत कसा? मुलगी म्हणाली, "ढवळायला कोणी नव्हतंच बाबा. खणणारे प्राणी अजून जन्मायचे होते." याच्या उलट, मध्य प्रदेशात सिधीकडे चोरहटच्या वालुकाश्मात किड्यांच्या वाटा सापडल्याचे आडोल्फ सायलाखर या जर्मन शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये जाहीर केले होते. पुढे त्या दगडाचे वय १६० कोटी वर्षे निघाले आणि मोठा वाद झाला. आता बहुतेक जण त्या खुणा प्राण्यांच्या मानत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड रेघांवरून जगभरची विद्वान माणसे भांडली. मला याचे फार आश्चर्य वाटले, आणि थोडे बरेही वाटले.

दुसरी गोष्ट सासरवाडीकडची. वरोरा तालुक्यात पिजदुरा म्हणून गाव आहे. तिथल्या वावरांत नांगराखाली गोल, लांबोडके, एका टोकाला निमुळते दगड निघतात. ते दगड झालेले शेण आहे, आणि ते डायनासोरचे मानतात. मॅटली नावाच्या साहेबाने १९३९ मध्ये त्यांच्यावर लिहिले. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणात गवताचे वाळूसारखे टणक कण दाखवले. डायनासोरच्या काळात गवत नव्हतेच अशी तोवर समजूत होती. ती वरोऱ्याच्या शेणाने मोडली. पुढे त्यात भाताच्या कुळातले गवतही निघाले. हा काठ समुद्राचा नाही, गोड्या पाण्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोणाच्या पोटात काय गेले, ते इतक्या काळाने शेणावरून कळते, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

तीन वर्षांपूर्वी आमची लाल गाय चारा टाकून बसली. डावी कूस ढोलासारखी फुगली होती. दोन दिवस हिंग-ताक झाले, मग डॉक्टरांना आणले. त्यांनी पोट तपासून सांगितले, उघडावे लागेल. गोठ्यातच, उभ्या गाईला सुई देऊन, कुशीत चीर घेतली. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओढायला लागले. दोर निघावा तसे निघत होते. कॅरीबॅगा, पावाच्या पिशव्या, लग्नातल्या पत्रावळीवरचे चकचकीत अस्तर, सुतळीच्या गाठी, सगळे एकमेकांत पिळलेले. त्यात चंदेरी पट्ट्या पाहिल्या आणि मी खाली बसलो. मल्चिंग पेपर होता, पिकाच्या ओळीत जमिनीवर अंथरतात तो. नुसता मल्चिंग नव्हे, आमच्याच धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा असणार, कारण त्या साली आमच्या शिवारात टरबूज मीच लावले होते. हा ढीग दुकानाच्या काट्यावर घातला तर ओला साडेएकवीस किलो भरला. गाय जगली, पण दूध पुढच्या वेतापर्यंत नाही. तिच्या शेणात नंतरही पंधरा दिवस चंदेरी टिकल्या दिसत होत्या. ते शेण आम्ही उकिरड्यावर टाकले, त्याचे खत झाले, खत वावरात गेले. आता ऊन पडले की आमचे काळे वावर अभ्रक सांडल्यासारखे चमकते. पिजदुऱ्याच्या दगडांत गवत सापडले. आमच्या वावरात पुढे काय सापडेल ते मी विकलेले आहे.

लोक त्याला 'पेपर' म्हणतात, इथूनच घोळ सुरू होतो. तो कागद नाही, २५-३० मायक्रॉनचे प्लॅस्टिक आहे. चारशे मीटरचा, चार फुटी रोल अकरा-बारा किलोचा. एकराला सहा-सात रोल लागतात, म्हणजे एकरी सत्तर-पंच्याहत्तर किलो. टरबूज, मिरची, टमाटर निघाले की हे सगळे उन्हाने पापडासारखे झालेले असते. ओढले तर फाटते, आणि निम्मे जमिनीत राहते. जे निघते ते धुऱ्यावर नाहीतर नाल्याच्या काठी. २०२२ च्या जुलैत वर्धा चढली तेव्हा चार दिवस आमच्या खालच्या वावरांत पाणी होते. उतरल्यावर पाहिले तर बाभळींच्या शेंड्यांना पट्ट्या लटकत होत्या. पूर कुठवर आला होता हे तलाठ्याला दाखवायला त्याच उपयोगी पडल्या, आणि त्यांनी पंचनाम्यात त्याच उंचीची नोंद केली. वावराच्या मधोमध कचऱ्याची एक लांब वळणदार रेष राहिली होती. झाकणे, गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या, ठिबकचे तुकडे. अंतर्वेदीला भरतीची रेष पाहिली तेव्हा मला तीच आठवली. त्याच पुरात भद्राचलमला गोदावरी ७१.३ फुटांवर गेली होती. बाभळीला जे अडकले नाही ते तिकडूनच खाली गेले.

पुष्कळ शेतकरी हा ढीग पेटवून देतात. मीही पेटवला आहे. काळा धूर निघतो, डोळे चरचरतात, आणि विझल्यावर धुऱ्यावर ढेप उरते. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये काळी माती, चुनखडीचे गोटे, पऱ्हाटीची जळकी खुंटे, सगळे घट्ट चिकटलेले. फोडायला हातोडा लागतो. अशीच एक ढेप मी बिलबुकावर वजन म्हणून ठेवत असे. मुलगी ती पाहून हसायला लागली. म्हणाली, हवाई बेटावर कामिलो नावाच्या किनाऱ्यावर लोक शेकोट्या पेटवतात, तिथे प्लॅस्टिक, वाळू आणि लाव्ह्याचे खडे मिळून असे दगड झालेले आहेत. २०१४ मध्ये पॅट्रिशिया कॉर्कोरन, चार्ल्स मूर आणि केली जॅझवॅक यांनी त्यांना प्लॅस्टिग्लोमरेट असे नाव दिले, आणि हा माणसाच्या काळाची खूण म्हणून थरांत टिकेल असा दगड आहे असे म्हटले. एवढ्या लांब जायची गरज नव्हती. आमच्या शिवारात प्रत्येक धुऱ्यावर एखादा असेल.

आता तक्रार. वर्सोव्याला अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये साफसफाई सुरू केली, ते काम मोठेच आहे. पण किनाऱ्यावर वेचायचे आणि नदीतून सोडत राहायचे, हे भोक असलेल्या बादलीत पाणी भरणे झाले. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतींवरही जबाबदारी टाकली. २०२२ पासून कंपन्यांना आपल्या प्लॅस्टिकचा हिशोब द्यावा लागतो, पण तो पॅकेजिंगचा. म्हणजे मी विकलेल्या बियाण्याची चार ग्रॅमची पुडी हिशोबात येते, आणि एकरी पंच्याहत्तर किलोचे मल्चिंग येत नाही, कारण त्यात काही बांधून दिलेले नसते. मल्चिंगवर सरकारचे ५० टक्के अनुदान आहे, २ हेक्टरपर्यंत. त्यासाठी अंथरलेल्या मल्चिंगची तपासणी होते, फोटो निघतो. काढलेल्या मल्चिंगचा फोटो कोणी मागत नाही. माझी मागणी एवढीच आहे की अनुदानाचा थोडा हिस्सा राखून ठेवावा आणि जुने मल्चिंग जमा केल्याची पावती दाखवली की मगच द्यावा. आमच्याकडचा शेतकरी पावतीसाठी तालुक्याला चार चकरा मारतो, पाचवीही मारेल. कंपन्यांनी रोल ज्या गाडीने पाठवला त्याच गाडीने जुना माल न्यावा. गाडी परत रिकामीच जाते, हे मी दर महिन्याला पाहतो.

हे नुसते सांगत नाही, करून पाहिले आहे. मागच्या हंगामात दुकानावर पाटी लावली, जुने मल्चिंग आणा, नव्या रोलवर शंभर रुपये सूट. लोकांनी आणले. बेचाळीस चुंगड्या भरल्या. भंगारवाला आला, चुंगडी उचलून पाहिली आणि म्हणाला, "शेठ, यात माल कमी अन् तुमचं वावर जास्त." आणि खरेच होते, किलोभर प्लॅस्टिकला दोन किलो माती चिकटलेली. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात दर तालुक्याला एक प्लॅस्टिक व्यवस्थापन केंद्र उभारायचे ठरले, त्यासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद केली गेली. अशा एका केंद्रावर मी टेम्पो करून गेलो. तिथल्या माणसाने सभ्यपणे सांगितले की मातीच्या मालाने मशीनची पाती जातात. धुऊन आणा. धुऊन पाहिले. टाक्यात बुडवले की पेपर फाटून लगदा होतो, आणि एका चुंगडीला बैलांच्या दोन दिवसांचे पिण्याचे पाणी जाते. शिवाय ते गढूळ, चंदेरी पाणी सोडायचे कुठे? बायको म्हणाली, "आता गाईला पाजा." तो प्रयोग तिथेच थांबला.

पाटी अजून काढलेली नाही. मागच्या आठवड्यात एक जण आणखी दोन चुंगड्या घेऊन आला आणि मला नाही म्हणता आले नाही. गिऱ्हाईक तुटेल म्हणून नव्हे, तो त्या परत नेऊन पेटवील म्हणून.

आपल्या वाचकांत मातीसकट मल्चिंग घेणारा कोणी कारखानदार, ठेकेदार किंवा संस्था असेल, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. भाडे मी देईन. चव्वेचाळीस चुंगड्या गोदामामागच्या पत्र्याखाली आहेत, उंदरांनी खालच्या सहा फोडल्या आहेत, आणि पत्र्यामागून नाला जातो. मृगाच्या आत उचलल्या गेल्या तर बरे.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रवाला
ता. वणी, जि. यवतमाळ
(नाव छापू नये ही विनंती. मल्चिंग मी अजूनही विकतो.)